खेळातल्या सोन्यालाही बट्टा लागू दे

टेबलाभोवती बसून पात्रं वठवत खेळायचा खेळ म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स. त्याच्या २०१४च्या नियमपुस्तकात अकुशल मजुराची रोजची मजुरी दिली आहे: चांदीची २ नाणी. त्याच पुस्तकात लांब तलवारीची किंमत सोन्याची १५ नाणी आहे. सोन्याच्या एका नाण्याला चांदीची १०, म्हणजे तलवार चांदीच्या १५० नाण्यांची. मजुरानं पोटाला काही न खाता सगळी मजुरी बाजूला टाकली तर ७५ दिवसांत तलवार येते. पूर्ण पोलादी चिलखत सोन्याच्या १,५०० नाण्यांचं. त्याला ७,५०० दिवस लागतील, म्हणजे वीस वर्षांहून जास्त.

हे आकडे मला फार मोलाचे वाटतात. वर्णनाचा एक शब्दही न लिहिता भावपत्रकाच्या दोन ओळींतून त्या जगाची उतरंड दिसते. चिलखत घातलेला सरदार मजुराची वीस वर्षं अंगावर वागवत फिरतो. पण खेळायला बसल्यावर मजुराची ओळ कुणी वाचत नाही. पहिल्याच गुहेतून पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, दोनशे-तीनशे सोन्याची नाणी घेऊन बाहेर येते आणि तिथून पुढे पैसा म्हणजे नुसते गुण होऊन बसतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली आणलेल्या मूळ खेळात तर तो उघडउघड गुणच होता. बाहेर आणलेल्या सोन्याच्या एका नाण्याला अनुभवाचा एक गुण.

आम्ही सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी अशा मिसळलेल्या बोलीत हे खेळ खेळतो. गट आता आपापली जगंही रचू लागले आहेत. त्यात गढ्या येतात, घाट येतात, वेताळ आणि आसरा येतात. चलनाची पाळी आली की मात्र ‘गोल्ड’ खोडून तिथं ‘होन’ लिहिला जातो, ‘सिल्व्हर’च्या जागी ‘रुपया’, ‘कॉपर’च्या जागी ‘शिवराई’, आणि मधलं एकास दहा तसंच राहतं. माझा आक्षेप या जागी आहे. पुस्तकातली नाणी पौंडाला ५० भरतात, म्हणजे एक नाणं साधारण ९ ग्रॅमचं. शिवछत्रपतींचा सोन्याचा होन पावणेतीन ग्रॅमच्या आसपासचा. नाव बदलताना सोनं तिपटीनं बदललं, तरी मजुराला मिळतात ती दोनच नाणी. म्हणजे तिथं होन आलाच नाही, त्याचं नाव तेवढं आलं.

मला म्हणायचं आहे ते एवढंच: अंतर, वजन आणि वेळ कशातही मोजा, खेळाचं काही बिघडत नाही. पैशाची रचना मात्र मुळापासून आपली हवी, आणि ती इतकी गुळगुळीत नको की तिच्यावरून कुणाचा पायच अडखळू नये.

न बिघडणाऱ्या गोष्टी आधी उरकून घेतो. हा खेळ पुतळे मांडून लढण्याच्या खेळांतून आला, म्हणून जुन्या नियमांत अंतरं इंचांत होती. भुयारात एक इंच म्हणजे दहा फूट, उघड्यावर दहा यार्ड. पुढे पाच फुटांचा चौकोन रुळला, आणि युरोपातल्या भाषांतरांनी त्याचा दीड मीटर केला. आपल्याला फूट परका नाही. माणसाची उंची आपण फुटांत सांगतो, प्लॉट चौरस फुटांत घेतो, आणि गुंठाही तेहेतीस बाय तेहेतीस फुटांचाच. ज्यांना हौस आहे त्यांनी हात घ्यावा. दीड फुटाचा हात धरला तर पात्राची तीस फुटांची चाल बरोबर वीस हात होते. लढाईतली एक फेरी सहा सेकंदांची आणि पळ चोवीस सेकंदांचं, म्हणजे चार फेऱ्यांचं एक पळ, साठ पळांची घटका. हे इतकं चपखल बसतं की वापरायचा मोह होतो, आणि वापरलं तर छानच. पौंड मात्र सोडून द्यावा. सर्वसाधारण, म्हणजे दहा ताकदीच्या माणसाला पुस्तक दीडशे पौंड वाहू देतं. ते ६८ किलो होतात: कांद्याचं एक भरलेलं पोतं आणि वर थोडं. पोतं म्हटलं की इथं कुणालाही पाठीवरचा भार कळतो.

फूट कुणाशी घासाघीस करत नाही. नाणं करतं. नाणं एका हातातून दुसऱ्या हातात जाताना कोण कुणाचं ऐकून घेतो ते ठरतं, म्हणून तिथं आयती कोष्टकं चालणार नाहीत. आणि सोलापूरइतकी या विचाराला सोयीची जागा मला दुसरी माहीत नाही.

सोलापूर इंग्रजी अमलात होतं. पूर्वेला नळदुर्ग, ईशान्येला तुळजापूर निजामाच्या हद्दीत. आग्नेयेला अक्कलकोटचं संस्थान. निजामाचा स्वतःचा रुपया होता, त्याला लोक हाली म्हणत. इंग्रजांचा रुपया कलदार. सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार असा हिशेब. दोघांनाही ‘रुपया’च म्हणायचं, दोन्ही चांदीचे, आणि मधे निजामाच्या जकातीचे, म्हणजे करोडगिरीचे, नाके. तुळजापूरला देवीच्या दर्शनाला गेलेल्या माणसाला ओटीचं सामान घेतानाही हातातला रुपया कुठल्या सरकारचा आहे हे बघावं लागे. हैदराबाद संस्थान १९४८ साली भारतात आलं, तरी हाली नाणं चलनातून पुरतं बाद व्हायला १९५९ साल उजाडलं. तोपर्यंत भारतानं दशमान पैसाही सुरू केला होता, १ एप्रिल १९५७ला. म्हणजे या भागातल्या एका पिढीनं आणे, नवे पैसे, हाली आणि कलदार हे सगळं आपल्या डोक्यात एकाच वेळी वागवलं.

मी खेळ चालवतो तेव्हा हीच सीमा उचलून घेतो. नदीच्या अलीकडे एक नाणं, पलीकडे दुसरं, सातास सहा. पार्टीला पलीकडच्या पडक्या गढीत सातशे नाणी सापडतात. अलीकडे आणली तर त्यांची सहाशे होतात, सराफ आपला बट्टा, म्हणजे नाणं बदलून देताना घ्यायची कपात, कापणार तो वेगळा, आणि नाक्यावर शिपाई उभा. एका मैत्रिणीनं सुचवलं की नाणी आणण्यापेक्षा पलीकडेच बैल घेऊ आणि हाकत आणू. त्यावर दुसऱ्यानं विचारलं, “बैलाला जकात किती बे?” मग बैल कुणाचे दाखवायचे, गाडीला जुंपलेला बैल माल धरायचा की नाही, नाकेदाराच्या बहिणीचं लग्न कधी आहे, इथपर्यंत गोष्ट गेली. तलवार म्यानातच होती, फासाही पडला नव्हता, आणि तरी टेबलावरचा प्रत्येक जण पुढे झुकून बसला होता. एकास दहा असतं तर “सातशे लिहून घ्या” म्हणून आम्ही पुढच्या खोलीत गेलो असतो.

बट्टा हा शब्द नव्या खेळाडूंना समजावून द्यावा लागतो, पण एकदा कळला की ते तो सोडत नाहीत. पेशवाईत अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे टाकसाळीगणिक वेगळे रुपये चालत. कुठलं नाणं किती खरं, किती झिजलेलं, हे पारखायला पोतदार असे, आणि त्याचा शब्द प्रमाण. आता कल्पना करा की ड्रॅगनच्या गुहेतलं सोनं तीनशे वर्षांपूर्वीच्या, बुडालेल्या राज्याचं आहे. ते बाजारात कोण घेईल? वजनावर घेईल की दर्शनी किमतीवर? पारखणारा पोतदार कुणाच्या वाड्यावर बसतो? प्रत्येक प्रश्नातून एक माणूस उभा राहतो, आणि खेळ चालवणाऱ्या गेम मास्टरला माणसंच तर हवी असतात.

सोनं आणि चांदी यांचं कायमचं लग्न लावून टाकणं हाही पुस्तकाचा आळस आहे. १८३५च्या कायद्यानं आपल्याकडे रुपयाइतक्याच वजनाच्या सोन्याच्या मोहरेला पंधरा रुपये ठरवले होते. १८७०नंतर जगभर चांदी घसरत गेली, आणि १८९३ साली सरकारला लोकांची चांदी टाकसाळीत घेऊन रुपये पाडून देणं थांबवावं लागलं. एखाद्या जगात नवी चांदीची खाण लागली, तर तिथल्या मजुराच्या दोन नाण्यांचं काय होतं? ही एका अख्ख्या कॅम्पेनची, म्हणजे बैठकीमागून बैठक चालणाऱ्या सलग खेळाची, गोष्ट आहे.

भावपत्रकातले भावही असेच गोठलेले. गहू पौंडाला तांब्याचं एक नाणं, गावात तेवढंच, शहरात तेवढंच, सुगीला तेवढंच, दुष्काळात तेवढंच. सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याचे लिलाव ज्यानं पाहिलेत त्याला हे पटणं कठीण आहे. फेब्रुवारी २०२३मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं इथं ५१२ किलो कांदा विकला. भाव किलोला एक रुपया. भाडं, हमाली, तोलाई वजा जाता पट्टीवर अडीच रुपयेही उरले नाहीत, आणि हातात चेक पडला २ रुपयांचा. बातमी देशभर गेली. खेळाच्या भाषेत सांगायचं तर किंमत कधीच वस्तूला चिकटलेली नसते. ती रस्त्यात, काट्यावर आणि आडत्याच्या वहीत ठरत जाते. खेळाडूंनी मारलेल्या राक्षसाचं कातडं विकायला आणलं तर त्यांनाही हमाली लागू दे, तोलाई लागू दे, आणि त्या दिवशी बाजारात अशी आणखी चाळीस कातडी येऊन पडलेली असू देत.

जुन्या डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये एक गोष्ट मला मनापासून आवडते, आणि नव्या आवृत्त्यांनी ती टाकून दिली. तिथं ओझं नाण्यांत मोजत. पाठपिशवीत तीनशे नाण्यांचं वजन मावतं, दहा नाण्यांचा एक पौंड. लोकांना ते विचित्र वाटतं, पण आपल्याकडे ते रोजचं होतं. रुपया एक तोळ्याचा आणि शेर ऐंशी तोळ्यांचा, म्हणून ऐंशी रुपये पारड्यात टाकले की शेर झाला. पैसा आणि वजन एकाच धातूचे. नाणं कडेनं कातरलं तर वजनमापही खोटं पडायचं. अशा जगात नाणी कातरणारा चोर नुसता चोर राहत नाही, तो साऱ्या बाजाराचा काटा बिघडवतो.

पण आपल्या गावांत नाणं मुळात किती फिरत होतं? बरीचशी देणी धान्यात चुकत. इथं पुस्तक सर्वात तोकडं पडतं, आणि इथंच आपल्याकडे देण्यासारखं सर्वात जास्त आहे. मंगळवेढा आमच्याच जिल्ह्यात, मालदांडी ज्वारीचं गाव. तिथल्या दामाजीपंतांची कथा सगळ्यांना पाठ आहे: दुष्काळात त्यांनी बिदरच्या बादशहाचं कोठार लोकांना खुलं केलं, बादशहानं पकडायला माणसं पाठवली, आणि विठ्ठल विठू महार होऊन बिदरला गेला, धान्याची किंमत मोजून रसीद घेऊन आला. या कथेत खजिना म्हणजे धान्याचं कोठार. ते लुटायचं नाही, उघडायचं आहे. आणि पैसे पोचवायला देवानं महाराचं रूप घेतलं, कारण सरकारी भरणा डोक्यावरून नेणं हे महाराचं गावकीचं काम होतं. देवालासुद्धा हिशेब चुकता करून रसीद आणावी लागली. इतकी नेमकी अर्थव्यवस्था मी कुठल्याही खेळाच्या पुस्तकात वाचलेली नाही.

आणि या ठिकाणी सावध राहायला हवं. बलुतेदारी खेळात आणायची म्हटली की बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर सुतार, लोहार, कुंभार, सगळे गुण्यागोविंदानं नांदणारं गाव येतं. सुगीला खळ्यावर प्रत्येकाच्या वाट्याला धान्य, कुणाचं कुणावाचून अडत नाही. ज्यांच्या वाट्याला त्या खळ्यावर सगळ्यात शेवटी, लांब उभं राहून हात पसरणं आलं, त्यांच्यासाठी हे चित्र खोटं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडलं, कारण वतनाच्या तुकड्यासाठी आणि बलुत्यासाठी माणसाला रात्रंदिवस राबवून घेता येत होतं. ही कनिष्ठ वतनं कायद्यानं गेली ती १९५८च्या सुमारास. म्हणून माझं म्हणणं असं की बलुतं खेळात आणा, पण माप कुणाच्या हातात आहे ते दाखवा. पाटलाच्या खळ्यावर पायली पाटीलच भरतो. ती शिगोशीग भरायची की सपाट, हा त्याचा निर्णय. खेळाडूला माप भरणाऱ्याच्या बाजूनं खेळायला मिळालं पाहिजे तसं हात पसरणाऱ्याच्या बाजूनंही. हे जमणार नसेल तर बलुत्याला हात लावू नका, सरळ नाण्यांवर राहा. गोड गोड बलुतेदारी रंगवण्यापेक्षा ते प्रामाणिक आहे.

कर्जाचंही तसंच. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांवर दंगे केले, तेव्हा बहुतेक ठिकाणी त्यांना सोनंनाणं नको होतं. त्यांनी कर्जखतं आणि रोखे मागून घेतले आणि जाळले. त्यानंतर १८७९मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला तो पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांना लागू होता. सावकाराच्या तळघरात उतरलेल्या पार्टीला तिथं फक्त कागद सापडले तर? एकाही नाण्याला हात न लावता अख्खा गाव मोकळा करता येईल अशी पेटी, आणि तिच्यातल्या एका कागदावर पार्टीतल्याच एकाच्या बापाचा अंगठा. असे प्रसंग आपल्या इतिहासात पडून आहेत आणि आपण पुन्हा पुन्हा सोन्याच्या ढिगावर ड्रॅगन बसवतो.

यावर नेहमी येणारा आक्षेप मला मान्य आहे: दिवसभर काम करून माणसं खेळायला येतात, त्यांना हिशेबवही कुणी देऊ नये. निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, पायली, मण, खंडी ही सगळी उतरंड टेबलावर मांडली तर दुसऱ्या आठवड्यात कुणी येणार नाही. त्यात मण कुठं बारा पायल्यांचा तर कुठं सोळा. कोष्टकं पाठ करून घेणं हा माझा हेतूच नाही. एका जगात एकच गाठ ठेवावी. सातास सहाची सीमा असेल तर धान्यमापं सोपी ठेवा. धान्याची मजुरी असेल तर नाणं एकच ठेवा. बाकी सगळं दशमान असलं तरी चालेल.

दशमानाशिवाय खेळ चालतच नाही, हे मात्र मी मान्य करणार नाही. ब्रिटननं १९७१ साली जुने शिलिंग-पेन्स मोडीत काढले, आणि १९८६ साली तिथंच निघालेल्या वॉरहॅमर फँटसी रोलप्लेमध्ये सोन्याच्या क्राउनला २० शिलिंग, म्हणजेच २४० पेन्स आहेत. नुकतंच हातातून गेलेलं नाणं त्यांनी खेळात जपलं, आणि लोक ते आजही मजेत खेळतात. जर्मनांनी १९८४च्या आपल्या खेळात दुसरी वाट धरली: डुकाट, टालर, हेलर ही नावं घरची, लांबीसाठी पाऊल आणि वीत, पण आतून नाणी दशमान, आणि पाऊल म्हणजे मीटरच. दोन्ही वाटा चालतात. पाथफाइंडर या खेळाच्या २०१९च्या आवृत्तीनं तर सोनं बाजूला ठेवून चांदीला पायाचं नाणं केलं आणि पौंडांऐवजी अवजडपणाचे सरळ आकडे दिले. तिकडची मंडळी आपल्या पुस्तकांशी इतक्या मोकळेपणानं वागतात. आपण मात्र पहिल्या पुस्तकाचं एकास दहा डोक्यावर घेऊन बसलो आहोत.

दुसरा आक्षेप थोडा अवघड आहे. जग कल्पनेचं आहे, मग त्यात महाराष्ट्राचा इतिहास कशाला? माझं उत्तर असं की नावं खुशाल कल्पनेची ठेवा. होन, हाली, पायली यांतला एकही शब्द खेळात आला नाही तरी हरकत नाही. घ्यायची आहेत ती नाती. कोण मोजतं, कोण पारखतं, कुणाला नाण्यात मिळतं आणि कुणाला धान्यात, सीमेपलीकडे काय होतं. आयत्या पुस्तकांच्या मागेही कुणाच्या तरी देशाचा इतिहास आहेच, फक्त तो आपल्याला दिसत नाही इतका सवयीचा झालाय.

कोकणातल्या गटानं भाताच्या खंडीवर आपलं जग उभं करावं, कोल्हापूरच्या गटानं गुळाच्या रव्यांवर. सोलापुरात मजुरी नगावर चालते. इथल्या हजारो बायका घरी बिड्या वळतात, त्याचे पैसे हजारावर मिळतात, आणि कारखान्यात माल देताना खराब म्हणून बाजूला काढलेल्या बिड्या त्यातून वजा होतात. मी आता जे जग लिहितो आहे, त्यात मंत्र पानात वळतात. वळणाऱ्या बाया गल्लीगल्लीत बसतात, व्यापारी हजारावर पैसे देतो आणि शंभरातले दहा-वीस मंत्र ‘फुटके’ म्हणून बाजूला काढतो. ते तो फेकत मात्र नाही. पार्टीतली दोन पात्रं या बायांपैकी आहेत, आणि बाजूला काढलेले मंत्र जातात कुठं, हे शोधायला ती निघाली आहेत.